लेव्हल ३ वरून थेट लेव्हल ७? सात वर्षांच्या जिम्नॅस्टचं प्रकरण

अमेरिकेतल्या एका क्लबमध्ये शिकणारी मुलगी. ऑगस्टमध्ये वय सात वर्षं चार महिने. मागच्या मोसमात लेव्हल ३ खेळली, ऑल-अराउंड (व्हॉल्ट, बार्स, बीम, फ्लोअर या चार साधनांच्या गुणांची बेरीज) ३७.२. दोरीवर पायांचा आधार न घेता चढते, सलग आठ प्रेस हँडस्टँड काढते, तिन्ही स्प्लिट जमिनीला टेकतात. फ्लोअरवर राउंड-ऑफ, फ्लिक-फ्लॅक (हातांवरून मागे उलटी), बॅक टक येतं. लो बारवरचं किप (लटकत्या झोक्यातून बारवर हातांच्या आधारावर येणं) पाचपैकी चार वेळा लागतं. आठवड्याला सोळा तास सराव. प्रशिक्षकाने आईवडिलांपुढे आराखडा ठेवला: ऑक्टोबरमध्ये लेव्हल ४, नोव्हेंबरमध्ये लेव्हल ५, लेव्हल ६ सोडून द्यायची, जानेवारीपासून लेव्हल ७, पुढच्या वर्षी ८. कारण एकच दिलं, 'एलिट व्हायचं असेल तर खालच्या लेव्हलमध्ये वर्षं घालवून चालत नाही.' एलिट म्हणजे सगळ्या लेव्हलच्या वरचा, आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळणारा गट.

ही मुलगी नमुन्यादाखल घेतली आहे. तिचे गुण आणि महिने हिशेब समजावा म्हणून बसवले आहेत. नियम आणि चुका मात्र रोजच्या पाहण्यातल्या आहेत. आईवडिलांचे प्रश्न तीन होते: हे नियमात बसतं का, याने शरीराला इजा होईल का, आणि एलिटसाठी याची खरोखर गरज आहे का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, आणि बहुतेक घरांत चर्चा तिथेच थांबते.

नियम काय म्हणतो

यूएसए जिम्नॅस्टिक्सच्या मुलींच्या कार्यक्रमाला पूर्वी ज्युनियर ऑलिम्पिक म्हणत, आता डेव्हलपमेंट प्रोग्राम म्हणतात. त्यात दहा लेव्हल आहेत. २०१३ च्या फेररचनेपासून १ ते ५ कंपल्सरी आहेत, म्हणजे सगळ्या मुली तेच ठरलेलं रुटीन करतात. ६ ते १० ऑप्शनल आहेत, म्हणजे अटी पाळून रुटीन आपलं आपण बांधायचं. लेव्हल १ ते ३ स्पर्धेत खेळणं सक्तीचं नाही. ४ आणि ५ मात्र खेळून ठरलेला किमान ऑल-अराउंड गुणांक मिळवावा लागतो. ५ नंतर ६ वगळून ७ ला जाता येतं. ७ वरून ८ ला जाण्यासाठी एकदा ३२.०० हवेत, ८ वरून ९ आणि ९ वरून १० साठी प्रत्येकी ३४.०० हवेत. लेव्हल ४ साठी वयाची सात वर्षं पूर्ण हवीत, लेव्हल ८ साठी आठ.

'एकदा' हा शब्द महत्त्वाचा आहे. मान्यताप्राप्त एका स्पर्धेत गुणांक आला की ती लेव्हल पार झाली. जिममध्ये याला 'स्कोअर आउट' म्हणतात. एका मोसमात दोन-तीन लेव्हल अशा पार करता येतात, आणि बऱ्याच राज्यांत कंपल्सरी स्पर्धा शरद ऋतूत व ऑप्शनल स्पर्धा जानेवारीपासून असल्यामुळे तारखाही जुळून येतात. अटींचे तपशील बदलत राहतात, तेव्हा नाव नोंदवण्याआधी त्या मोसमाचं नियमपुस्तक उघडून वाचावं. प्रशिक्षकाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

म्हणजे आराखडा नियमात बसतो. ४ पासून पुढे लेव्हल 'उडी मारून' वगळता येत नाहीत, ६ सोडली तर प्रत्येकीवर एकदा पाय ठेवावाच लागतो. पण तो पाय एका शनिवारी ठेवून पुढे जाता येतं.

नोव्हेंबरची गुणपत्रिका

ऑक्टोबरमध्ये लेव्हल ४: व्हॉल्ट ९.१, बार्स ८.६, बीम ९.०, फ्लोअर ९.३, एकूण ३६.०. घरी आनंद. पाच आठवड्यांनी लेव्हल ५: व्हॉल्ट ९.०, बार्स ७.४, बीम ८.७, फ्लोअर ९.०, एकूण ३४.१. पार. प्रशिक्षकाने जानेवारीची लेव्हल ७ ची नोंदणी पुढे केली.

इथे थांबून पाहायला हवं होतं. ऑल-अराउंड ही बेरीज आहे, आणि बेरजेत एक कमकुवत साधन सहज लपतं. ३२.०० म्हणजे चार साधनांवर सरासरी ८.००. व्हॉल्ट ९.१, बीम ८.० आणि फ्लोअर ८.७ मिळाले, तर ही मुलगी बार्सवर ६.६ घेऊनही ३२.४ ने लेव्हल ७ पार करते. ६.६ म्हणजे दोनदा पडणं (प्रत्येकी अर्धा गुण), वाकलेले कोपर, एकमेकांपासून सुटलेले पाय आणि हँडस्टँडपर्यंत न पोचलेले कास्ट (बारवर हातांच्या आधाराने पाय मागून वर झोकणं). नियम तिला पुढे जाऊ देतो. लेव्हल ८ च्या बार्सला मात्र तिची ऑल-अराउंड बेरीज ठाऊक नसते.

म्हणून स्कोअर आउटचा निर्णय एकूण गुणांवर कधीच घेऊ नये. चार आकडे वेगळे लिहावेत आणि सर्वांत लहान आकड्याला विचारावं, पुढे जायचं का?

बार्स: ७.४ कुठून आला

लेव्हल ५ चं बार्सचं रुटीन वाकड्या सवयी उघड्या पाडण्यासाठी उत्तम आहे. त्यात लो बारवरचं किप आहे, हाय बारवरचं लाँग-हँग किप आहे आणि शेवटी फ्लायअवे, म्हणजे बार सोडून मागे कोलांटी घेत उतरणं. या मुलीचं काय झालं ते क्रमाने पाहू.

किपमध्ये ग्लाइड (बारखालून पुढे जाणारा झोका) पूर्ण लांब होण्याआधीच ती पाय वर खेचत होती. ग्लाइडच्या टोकाला अंग ताणून लांब झालं, मग पायाची बोटं बारकडे आली आणि बार मांड्यांवरून वर सरकला, तर हात सरळ राहतात. पाय लवकर आले की वर जाण्याचा वेग कमी पडतो आणि उरलेली उंची कोपर वाकवून, हनुवटी बारवर ओढून भरून काढावी लागते. लो बारवर ते खपून गेलं. हाय बारवर मोठ्या झोक्यातून किप करताना तीच चूक दुप्पट दिसली, आणि दुसऱ्या किपला ती बारवरून सुटली. ती एक पडझड.

कास्टचं दुखणं त्याहून खोल होतं. चांगल्या कास्टमध्ये खांदे बारच्या पुढे झुकतात, हात बारला खाली दाबतात, पाठ गोल राहते आणि पाय मागून वर येतात. ही मुलगी खांदे बारच्या वरच ठेवून कमरेतून पाय मागे फेकत होती, म्हणजे उंची पाठीच्या कमानीतून काढत होती. गुणांच्या दृष्टीने ही कपात आहे, पण दिवसाला चाळीस-पन्नास वेळा कमरेचे मणके असे मागे मोडणं ही वाढत्या मुलीच्या पाठीच्या हाडावर थेट पडणारा ताण आहे. जिम्नॅस्टमध्ये कंबरदुखीमागे मणक्याच्या कमानीतला ताणाचा भेग-अस्थिभंग आढळतो, त्याचं मूळ अशाच वारंवारच्या मागे वाकण्यात असतं. ताकद खांद्यात नसली की ती कुठून तरी उसनी घेतली जाते, आणि सात-आठ वर्षांच्या मुलीकडे उसनं घ्यायला कंबरच असते.

तिसरी गोष्ट ग्रिपची, म्हणजे तळहातावर बांधायच्या चामडी आवरणांची. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी तिला पहिल्यांदा डॉवेल ग्रिप दिले. डॉवेल म्हणजे बोटांपाशी चामड्यात शिवलेली गोल काडी, तिच्यामुळे पकड बारवर टिकते. नव्या ग्रिपचं चामडं कडक असतं, बारची जाडी वेगळी लागते, मनगट फिरवण्याची वेळ बदलते. सवय व्हायला सहा ते आठ आठवडे धरावेत आणि स्पर्धा तोंडावर असताना ग्रिप कधीही बदलू नये. शिवाय या वयात हात वाढतो, चामडं ताणलं जातं. ग्रिप सैल किंवा लांब झाले की डॉवेल बारभोवती दुमडून स्वतःवर अडकू शकतो, आणि शरीर फिरत असताना हात तिथेच राहतो. याला ग्रिप लॉक म्हणतात, आणि त्यात हाताची हाडं मोडतात. महिन्यातून एकदा ग्रिप हातावर ठेवून माप तपासणं हे दोन मिनिटांचं काम आहे. ते कोणाचं काम, हे ठरलेलं असावं.

आता याच पायावर लेव्हल ७ चं बार्स ठेवून पाहा. तिथे ३६० अंशांचे बारभोवतीचे फेरे लागतात, बहुतेक मुली क्लिअर हिप (कंबर बारला न टेकवता घेतलेला फेरा) आणि जायंट (हँडस्टँडपासून हँडस्टँडपर्यंत लांब अंगाचा फेरा) करतात. जायंटमध्ये हँडस्टँडपासून अंग पोकळ (पोट आत, पाठ किंचित गोल), लांब. बारखालून जाताना छाती आधी, पाय मागे, असा हलका ताण. मग पायांचा टॅप (झटका), आणि वर येताना पुन्हा पोकळ, खांदे पूर्ण उघडे. हिचे खांदे वर येताना बंद होत होते, कारण कास्टमध्ये ते कधी उघडायला शिकलेच नव्हते. पट्ट्यांच्या बारवर हात बांधलेले असल्याने ती फिरत राहायची आणि पाहणाऱ्याला 'जायंट आलं' असं वाटायचं. पट्ट्या पकडीची भीती काढतात. खांद्याचा कोन त्या दुरुस्त करत नाहीत.

कॅलेंडर काय सांगतं

आता तिसरा प्रश्न, घाईची गरज. महिला गटात आंतरराष्ट्रीय सीनियर वय १९९७ पासून सोळा आहे, म्हणजे त्या कॅलेंडर वर्षात सोळा पूर्ण होत असली पाहिजेत. या मुलीपासून ते जवळजवळ नऊ वर्षं दूर आहे.

तिचे तीन मार्ग मांडू. दर मोसमात एक लेव्हल, ६ सुद्धा न सोडता: लेव्हल १० ला पोचताना वय पावणेचौदा. प्रशिक्षकाचा आराखडा: पावणेअकरा. मधला मार्ग, म्हणजे ४ आणि ५ या शरद ऋतूतच पार, ६ वगळायची, पण ७ पुढच्या मोसमात पूर्ण खेळायची: पावणेबारा. पहिला मार्ग एलिटच्या दृष्टीने खरोखर उशिराचा ठरू शकतो, कारण ज्युनियर एलिट म्हणून अनुभव घ्यायला जेमतेम एक-दोन वर्षं उरतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गात मात्र फरक एका वर्षाचा आहे. आख्खा वाद या एका वर्षाचा होता.

त्या वर्षाने काय मिळतं? एलिटच्या आधीच्या, लहान वयाच्या होप्स गटात एक प्रयत्न जास्त. याला किंमत नाही असं नाही. पण गॅबी डग्लसने २००४ मध्ये व्हर्जिनियाच्या राज्य स्पर्धेत लेव्हल ४ चं विजेतेपद घेतलं आणि २०१२ मध्ये लंडनला ऑलिम्पिक ऑल-अराउंड सुवर्ण. लेव्हल ४ प्रत्यक्ष खेळल्याने तिची वाट अडली नाही. सिमोन बाइल्स ज्युनियर एलिटमध्ये २०११ साली उतरली, चौदाव्या वर्षी, आणि दोन वर्षांनी विश्वविजेती झाली. अपवादात्मक खेळाडूंवरून सामान्य नियम काढू नये हे खरं. पण 'अकराव्या वर्षी तिथे नसलीस तर संपलं' हे वाक्य खोटं ठरवायला एक उदाहरणही पुरतं.

लेव्हल १० आणि एलिट यांतली दरी

पालकांना वाटतं की लेव्हल १० नंतरची पायरी एलिट. गुणांकन पाहिलं की ती पायरी नसून दुसरी इमारत आहे हे कळतं. लेव्हल १० मध्ये गुणांची कमाल १०.०. रुटीनमध्ये तीन ए, तीन बी आणि दोन सी कौशल्यं (अक्षर पुढचं तसं कौशल्य अवघड) असली की सुरुवात ९.५ पासून, उरलेला अर्धा गुण अवघड कौशल्यं व जोडण्यांच्या बोनसमधून. एलिटला आंतरराष्ट्रीय संहिता लागते. २००६ पासून तिथे काठिण्य गुणांक वरच्या मर्यादेविना मोजतात आणि सादरीकरण वेगळं, १० मधून.

बार्स, बीम किंवा फ्लोअरवर लेव्हल १० चं किमान रुटीन त्या हिशेबात घालू. तीन ए ०.३, तीन बी ०.६, दोन सी ०.६, बेरीज १.५. रचनेच्या सर्व अटी पूर्ण झाल्या तर २.० मिळून ३.५. आता एलिट पातळीचं रुटीन: मोजली जाणारी आठ कौशल्यं चार सी, तीन डी, एक ई अशी असली तर २.९, रचनेचे २.०, जोडण्यांचे ०.६, एकूण ५.५. एका साधनावर दोन गुणांचं अंतर. चार साधनांवर ते कुठे जातं हे सांगायला नको.

बार्सवर आणखी एक फास आहे. कास्ट हँडस्टँड उभ्या रेषेच्या १० अंशांच्या आत पोचला नाही, तर सादरीकरणात कपात होतेच, शिवाय त्या कौशल्याचं काठिण्यही मिळत नाही. म्हणजे लेव्हल ५ मध्ये जी चूक दशांशाची होती ती वर दोन खिशांतून पैसे काढते. शिवाय एलिट क्वालिफायरला पहिल्यांदा येणाऱ्या मुलींकडून ऑप्शनलसोबत कंपल्सरी रुटीनही मागितली गेली आहेत. त्यांत अवघड असं काही नसतं, फक्त रेषा, उंची आणि नेमकेपणा पाहतात. ज्या मुलीने खालच्या लेव्हलचा आकार घाईत उरकला ती नेमकी तिथे अडते.

म्हणून स्कोअर आउटने वाचलेलं वर्ष कुठे खर्च झालं, हाच प्रश्न विचारण्यासारखा आहे. पुढच्या लेव्हलच्या स्पर्धांत गेलं तर काहीच वाचलं नाही. बार्सच्या पायात गेलं तर वाचलं.

काय केलं

जानेवारीची लेव्हल ७ ची नोंदणी मागे घेतली. डिसेंबर ते मे एकही स्पर्धा नाही. तास सोळाच ठेवले. वीसवर नेण्याचा प्रस्ताव होता, तो नाकारला, कारण कमतरता तासांची नव्हती.

बार्सला दिवसाला साठ मिनिटं, आठवड्याला चार दिवस. पहिली पंधरा मिनिटं नुसता आकार: जमिनीवर पोकळ आणि कमान, मग बारवर लटकून टॅप स्विंगचे पाच संच, प्रत्येकी पाच. नंतर कास्ट, पाचाचे सहा संच, प्रशिक्षकाचा हात मांडीखाली. नियम एकच, कोपर किंवा कंबर मोडली की संच तिथेच संपला, आकडा पूर्ण करायचा नाही. खांद्यासाठी बाहेर प्लँच लीन (हातांवर भार घेऊन खांदे पुढे झुकवणं) आणि पोट भिंतीकडे ठेवून हँडस्टँड. किप सुटे पंधरा, फेब्रुवारीपासून किप-कास्ट जोडून. पट्ट्यांचा बार आठवड्यातून दोनच दिवस, तीन-तीन जायंटचे चार संच, आणि प्रत्येक संचाचा फोनवर बाजूने व्हिडिओ. मुलीला तिचा बंद खांदा शब्दांनी कळत नव्हता, चित्र थांबवून दाखवल्यावर पहिल्याच आठवड्यात कळला.

मे महिन्यासाठी अटी लिहून ठेवल्या: दहापैकी आठ कास्ट सरळ हातांनी, उभ्या रेषेच्या २० अंशांच्या आत. किप-कास्ट सलग पाच. पट्ट्यांविना, प्रशिक्षक बाजूला उभा असताना तीन सलग जायंट. भिंतीविना हँडस्टँड वीस सेकंद. हे कोणत्याही नियमपुस्तकातले आकडे नाहीत, पण यांच्याखाली लेव्हल ८ चं बार्स उभं राहत नाही.

व्हॉल्ट आणि फ्लोअर नेहमीसारखे चालू राहिले, तिथे ती पुढे होतीच.

बीमवर मात्र जानेवारीत अडचण आली. फ्लिक-फ्लॅक उंच बीमवर नेल्यावर ती हात वर करून उभी राहायची आणि निघायचीच नाही. ही हट्टाची गोष्ट नसते. शरीराला आकार पुरेसा ठाऊक नसताना उंची वाढवली की डोकं थांबवतं, आणि ते योग्यच करतं. उपाय कंटाळवाणा आहे: फ्लोअरवरची रेघ, मग जमिनीवरचा बीम, मग गाद्या रचून अर्धी उंची, मग पूर्ण उंची गाद्यांसह. प्रत्येक पायरीवर वीस स्वच्छ आले की वर, एकाच दिवशी दोनदा अडली की एक पायरी खाली, ओरडा नाही. पाच आठवडे लागले. याच काळात ती लेव्हल ७ च्या स्पर्धांत असती, तर या पाच आठवड्यांच्या जागी दर पंधरवड्याला परीक्षक समोर असते.

मनगटाकडेही लक्ष ठेवलं. हात मागे वाकवून भार घेताना मनगटाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याकडे दुखलं, तर त्या वयात तो वाढीच्या पट्टीवरचा ताण असू शकतो. दुखणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं किंवा विश्रांतीतही राहिलं, तर टम्बलिंग आणि व्हॉल्ट बंद करून क्रीडावैद्यक डॉक्टरांकडे एक्स-रे. टेप बांधून पुढे ढकलू नये. फेब्रुवारीत तिला दहा दिवस दुखलं, त्या दहा दिवसांत हातावर भार शून्य, सगळं पायांचं आणि पोटाचं काम. दुखणं परतलं नाही.

स्कोअर आउटची एक किंमत कोणी मोजत नाही: स्पर्धेचा अनुभव. या मुलीने लेव्हल ४ आणि ५ मिळून दोनच स्पर्धा खेळल्या. छोटा वॉर्म-अप, मग थंड पडेपर्यंत वाट पाहणं, मग परीक्षकाला सलाम करून एकच संधी, हे शरीराला शिकवावं लागतं. म्हणून दर तिसऱ्या शुक्रवारी जिममध्येच नकली स्पर्धा ठेवली: लिओटार्ड, एका मिनिटाचा वॉर्म-अप, दहा मिनिटं बाकावर, मग एक रुटीन, दुसऱ्या गटाच्या प्रशिक्षकाकडून गुण. पहिल्या वेळी बार्सवर ६.९, एप्रिलमध्ये ८.७.

मेची तपासणी

कास्ट दहापैकी आठ, अट पूर्ण. किप-कास्ट सलग पाच, पूर्ण. हँडस्टँड सव्वीस सेकंद. पट्ट्यांविना जायंट दोन, तिसऱ्याला खांदा बंद, अट अपुरी. त्यामुळे उन्हाळ्यात लेव्हल ८ ची नवी कौशल्यं बार्सवर सुरू केली नाहीत, इतर तीन साधनांवर केली.

पुढचा निर्णय लेखी झाला, प्रशिक्षक आणि आईवडील दोघांकडे प्रत. जानेवारीत लेव्हल ७, पूर्ण मोसम. लेव्हल ६ खेळायची गरज नाही, पण ऑक्टोबरपर्यंत जायंट पट्ट्यांविना स्थिर झालं नाही तर तिचा दरवाजा उघडा ठेवायचा आणि त्याला अपयश म्हणायचं नाही. मोसमाच्या मध्यात लेव्हल ८ ला हलवण्याचा विचार फक्त एका अटीवर: लागोपाठ दोन स्पर्धांत कोणत्याही साधनावर ८.८ पेक्षा कमी नाही. एकूण बेरीज कितीही असो, ती या कागदावर लिहिलेली नाही.